शिळ्या कढीला ऊत

शिळ्या कढीला ऊत आणूं नये, असें आमच्या घरीं थोरलीं माणसें पदोपदीं सांगत असत. एकत्र कुटुंबांत राहावयाचें म्हणजे हा नियम पाळावाच लागतो. दहा माणसें एका छपराखालीं नांदावयाचीं, तर मागच्या दिवाळींत कोणीं कोणास काय म्हटलें हें विसरण्याची कला प्रत्येकास साधली पाहिजे. नाहीं तर पुढची दिवाळी गोड व्हावयाची नाहीं. मींहि हा उपदेश आयुष्यभर शिरसावंद्य मानला. परंतु दोन वर्षांपूर्वीं अमेरिकेंत, मिशिगन राज्यांत, मुलीकडे चार महिने राहण्याचा योग आला. तेथें पांच-सहा वृद्ध गृहस्थ दर शनिवारीं एकत्र जमून अगदीं विधिपूर्वक शिळ्या कढीला ऊत आणतांना मीं पाहिले, आणि तेव्हांपासून या उपदेशावरील माझी श्रद्धा डळमळूं लागली आहे.

मुलीचें बिऱ्हाड कॅलमॅझू शहराच्या बाहेर आहे. शेजारीं एक निवृत्त इंजिनियर राहतात. मी दिवसभर एकटाच ओसरीवर बसतों हें पाहून त्यांनीं एका शनिवारीं मला आपल्या गॅरेजमध्यें बोलाविलें. जुन्या मोटारी पाहावयास मिळतील, या अपेक्षेनें मी गेलों. पण मोटार तेथें एकच होती, आणि तीहि कापडाखालीं झांकलेली. मंडळी अर्धवर्तुळाकार खुर्च्या मांडून बसली होती. मध्यें लहानशा मेजावर पिवळीं पडलेलीं मासिकें रचलेलीं. एकानें चष्मा सावरला आणि वाचावयास सुरुवात केली. बाकीचे माना डोलवीत ऐकूं लागले. चातुर्मासांत आमच्या ओटीवर पोथी लागत असे, तिची मला तत्क्षणीं आठवण झाली. तेंच संथ वाचन, मध्येंच एखाद्या वाक्यावर थांबून होणारी तीच चर्चा, आणि शेवटीं तोच प्रसाद. फरक इतकाच कीं, सुंठवड्याच्या जागीं कॉफी आणि साखरेंत घोळलेले डोनट होते.

पोथी होती एका आलिशान मोटारगाडीच्या परीक्षणाची. आणि तें परीक्षण होतें सुमारें सत्तर वर्षांपूर्वींचें!

गतवर्षींचें पंचांग कोणी पाहत नाहीं. मग जी गाडी आज कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं, जिचा कारखानाहि कित्येकदां नामशेष झालेला आहे, ती घ्यावी कीं न घ्यावी याविषयींचा सल्ला आज वाचण्याचें प्रयोजन काय? पहिल्या दिवशीं मला हा निव्वळ रिकामपणचा उद्योग वाटला. पण घरीं दुसरें काम नव्हतें. मी पुढच्या शनिवारींहि गेलों, आणि मग एकहि शनिवार चुकविला नाहीं.

या वाङ्मयाचा इतिहास मला त्या गॅरेजमध्येंच कळला. 'मोटर ट्रेंड' हें मासिक १९४९ च्या सप्टेंबरांत निघालें. वर्षांतील उत्तम गाडी निवडण्याची प्रथा त्यानें पाडली, आणि तो पहिला मान १९४९ च्या कॅडिलॅकला दिला. त्या वर्षीं कॅडिलॅकनें ३३१ घन इंचांचें, १६० अश्वशक्तीचें नवें आठ सिलिंडरी इंजिन बसविलें होतें. तें किती दणकट होतें याची साक्ष पुढच्याच वर्षीं मिळाली. ब्रिग्ज कनिंगहॅम या श्रीमंत खेळाडूनें १९५० मध्यें फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतींत दोन कॅडिलॅक उतरविल्या. त्यांपैकीं जवळजवळ दुकानांतून आणली तशीच असलेली गाडी दहावी आली. आणि जिला विचित्र आकाराचें शरीर चढविल्यामुळें फ्रेंच लोकांनीं 'राक्षस' असें नांव दिलें होतें, ती अकरावी आली.

परीक्षकांमध्यें मंडळींचा लाडका म्हणजे 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकांतील टॉम मॅकाहिल. १९४६ पासून तो गाड्यांचीं परीक्षणें लिहूं लागला आणि १९७५ मध्यें वारला. उभी असलेली गाडी ताशीं ६० मैलांचा वेग किती सेकंदांत गांठते, हें माप आज जगभर रूढ आहे. तें त्यानेंच प्रचारांत आणलें, असें मानतात. त्याच्या उपमा इतक्या अचाट असत कीं, वाचणाराला मध्यें थांबून हंसून घ्यावें लागे. सामानाचा कप्पा किती मोठा आहे, हें तो नुसतें आंकड्यांत सांगून थांबत नसे. आपल्या मदतनीसाला त्यांत निजवून त्याचें छायाचित्र छापी. 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मध्यें प्रत्यक्ष गाडीमालकांच्या तक्रारी आणि प्रशंसा एकत्र करून छापीत. आणि १९३६ मध्यें निघालेलें 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' हें त्यांतलें सोंवळें मासिक. तें जाहिराती घेत नाहीं, आणि परीक्षेसाठीं लागणारी गाडी सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणें स्वतःच्या पैशानें विकत घेतें.

हें सोंवळेंपण सर्वांस परवडणारें नव्हतें. बहुतेक मासिकें मोटारींच्या जाहिरातींवर जगत, आणि परीक्षेसाठीं गाडीहि कारखानाच धाडून देई. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा न्याय कांहीं आपल्याच देशापुरता नाहीं. म्हणून हे वृद्ध वाचक प्रत्येक वाक्य भिंगाखालीं धरीत. 'मार्च १९६४ चें उदाहरण विसरूं नका,' असें एक जण वरचेवर बजावी. त्या महिन्यांत 'कार अँड ड्रायव्हर' मासिकानें पाँटियॅक जीटीओ गाडीच्या वेगाचे थक्क करणारे आंकडे छापले. पुढें अनेक वर्षांनीं पाँटियॅकच्या जाहिरातींचें काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनींच कबूल केलें कीं, त्या गाडींत नेहमींच्या ३८९ घन इंचांच्या इंजिनाऐवजीं ४२१ घन इंचांचें इंजिन बसविलें होतें!

शेजारच्या इंजिनियरांनीं मला आणखी एक गंमत समजावून दिली. कॅडिलॅक एल्डोराडोच्या ५०० घन इंचांच्या इंजिनाची शक्ति १९७० मध्यें ४०० अश्वशक्ति म्हणून सांगितली जाई. १९७१ मध्यें ती ३६५ झाली, आणि १९७२ मध्यें एकदम २३५! दोन वर्षांत घोडे कोठें पळाले? ३५ घोडे खरोखरच गेले, कारण कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावें म्हणून इंजिनांतील दाब कमी केला. पण पुढचे १३० मुळांत गाडीला कधीं जुंपलेलेच नव्हते. तोंपर्यंत इंजिन सुटें बाहेर ठेवून, गाडींतील बरेंचसें ओझें त्यास न जोडतां शक्ति मोजीत. १९७२ पासून सर्व सरंजाम जोडून मोजूं लागले. माप बदललें आणि ऐश्वर्य उतरलें. वेगाचेंहि तसेंच. गाडींतील कांटा मालकाचें मन राखण्यासाठीं थोडा पुढेंच धांवे; म्हणून प्रामाणिक परीक्षक गाडीच्या मागें सायकलसारखें पांचवें चाक जोडून खरा वेग मोजीत. आपली स्तुति मोजावयास असें एखादें पांचवें चाक मिळालें तर किती जण जोडून घेतील, असा विचार त्या वेळीं माझ्या मनांत आला.

परंतु या वाचनाची खरी गोडी आंकड्यांत नव्हती. लिहिणाराला ठाऊक नाहीं तें वाचणाराला ठाऊक आहे, यांत ती होती. १९५५ च्या पॅकार्डचें परीक्षण घ्या. एके काळीं श्रीमंत अमेरिकनाच्या दारांत पॅकार्ड असणें ही प्रतिष्ठेची खूण होती. १९५५ मध्यें त्या कारखान्यानें नेहमींच्या स्प्रिंगा काढून पुढचीं-मागचीं चाकें लांबच लांब पोलादी कांबींनीं जोडलीं. मागें जड माणसें बसलीं तर विजेची मोटर कांहीं सेकंदांत गाडी आपोआप समतल करी. परीक्षकांनीं या गाडीच्या चालीची तोंड भरून स्तुति केली, आणि ती खोटी नव्हती. पण पुढच्याच वर्षीं डेट्रॉइटमध्यें पॅकार्ड बनणें बंद पडलें, आणि १९५८ मध्यें तें नांवहि पुसलें गेलें. हें आज आपल्याला ठाऊक आहे, लिहिणाराला नव्हतें. तें परीक्षण ऐकतांना लग्नांतील मंगलाष्टकें मागाहून पुन्हां ऐकावीं तसें वाटलें.

१९५७ च्या एल्डोराडो ब्रोहमचें वर्णन वाचलें तेव्हां आम्ही सारेच हंसलों. किंमत १३,०७४ डॉलर. छत गंज न चढणाऱ्या पोलादाचें. आंत अत्तराची कुपी आणि लोहचुंबकानें जागच्या जागीं चिकटून राहणारे पेले! हवेच्या पिशव्यांवर तरंगणारी ही गाडी दोन वर्षांत मिळून ७०४ च निघाली. पुढें त्या पिशव्यांतून हवा गळूं लागली, आणि कित्येक मालकांनीं मुकाट्यानें साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या.

हंसतां हंसतां एखादें पान मात्र गंभीर करी. १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल ही मंडळींच्या मतें त्या काळांतील सर्वांत सुंदर गाडी. एलवूड एंगेल यांची ती घडण. आदल्या वर्षींच्या गाडीपेक्षां सुमारें १५ इंचांनीं आंखूड, नक्षीचा सोस नाहीं, मागचीं दारें उलट्या बाजूस उघडणारीं, आणि २४ महिन्यांची किंवा २४,००० मैलांची हमी. परीक्षक लिहितो कीं, उघड्या टपाच्या या गाडींत चार माणसें बसून जातांना किती रुबाबदार दिसतात! वाचणारा तेथें थांबला. कोणी कांहीं बोललें नाहीं. १९६१ च्या लिंकनचीच लांबविलेली गाडी २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डॅलस शहरांतून अध्यक्ष केनेडींना घेऊन उघड्या टपानें निघाली होती. ती गाडी आज मिशिगनमध्येंच, डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड यांच्या संग्रहालयांत उभी आहे.

या सभेंत माझेंहि एकदां महत्त्व वाढलें. ड्यूसेनबर्ग गाडीचा विषय निघाला होता. १९२८ मध्यें ती प्रथम दाखविली गेली तेव्हां तिची २६५ अश्वशक्ति ऐकून लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं होतीं. मंडळींनीं मला विचारलें, 'तुमच्या देशांतील एका महाराजांनीं हिच्यावर इंग्लंडांतील गर्नी नटिंगकडून खास शरीर बांधून घेतलें होतें. तुम्हांला ठाऊक आहे काय?' मीं छाती फुगवून सांगितलें कीं, ते इंदूरचे यशवंतराव होळकर. त्यांच्या घराण्याची भाषा ती माझी भाषा, आणि त्याच घराण्यांतील अहिल्याबाईंनीं बांधलेल्या घाटांवर आमच्या पूर्वजांनीं स्नानें केलेलीं आहेत! मोटारीचा आणि घाटाचा संबंध त्यांना फारसा उमगला नसावा. पण त्या दिवशीं माझ्या कॉफींत साखर विचारून घातली गेली.

या मंडळींत एक गृहस्थ अगदीं अबोल होते. वय अठ्ठ्याहत्तर. ते कधीं वाचीत नसत. जुलै महिन्यांतील एका शनिवारीं ते स्वतःचा एक अंक घेऊन आले आणि म्हणाले, 'आज हा वाचा. माझ्या वडिलांच्या पेटींत सांपडला.' मग त्यांनीं आपली हकीकत सांगितली. गाडीचें आणि मासिकाचें नांव मी देत नाहीं. त्याची येथें गरजहि नाहीं.

त्यांचे वडील हिशेबनीस होते. १९५६ च्या जूनमध्यें त्यांनीं ऐपतीबाहेर जाऊन हप्त्यांवर एक मोठी, भारी गाडी घेतली. ऑगस्टमध्यें नवरा-बायको, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा हा मुलगा असें चौघें जण टेनेसीकडे ग्रेट स्मोकी पर्वत पाहावयास निघालीं. परततांना लांब उतरणीवर गाडी आवरेना. एका वळणावर ती दगडी कठड्यास आदळली. मुलांना खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. आईचा पाय मात्र असा मोडला कीं, ती जन्मभर लंगडत चालली. वडील म्हणत होते, 'ब्रेक लागलेच नाहींत.' पण तासाभरानें पोलिसांनीं गाडी तपासली तेव्हां ब्रेक उत्तम लागत होते! झालें. नव्या गाडीची मिजास, भरधांव वेग आणि वर खोटें बोलणें, असे तीन आरोप त्या माणसाच्या कपाळीं कायमचे बसले. मुलीनें तर बापाशीं पुढें कामापुरतेंच बोलणें ठेवलें. वडिलांनींहि पुन्हां कधीं आपली बाजू मांडली नाहीं. ते बसनें कचेरींत जात आणि बसनें परत येत.

इंजिनियरांनीं वाचावयास घेतलें. इंजिनाची स्तुति झाली, गाद्यांची झाली. मग ब्रेकांचा परिच्छेद आला. परीक्षकानें लिहिलें होतें कीं, डोंगर उतरतांना लागोपाठ कांहीं वेळां जोरानें ब्रेक लावल्यावर पायाखालचें पेडल तळास टेंकलें आणि गाडी थांबेना. कशीबशी ती कडेला नेली. थोडा वेळ सावलींत उभी केल्यावर मात्र ब्रेक पूर्ववत् लागूं लागले.

'पूर्ववत् लागूं लागले', हे शब्द इंजिनियरांनीं दोनदां वाचले. मग ते हळूहळू समजावूं लागले. त्या काळीं ब्रेक पिंपासारख्या बंद डब्यांत असत. अडीच टनांची गाडी उतारावर पुनःपुन्हां रोखली कीं आंतील उष्णतेला बाहेर पडावयास वाट मिळत नसे. डबा तापून फुगे, आंतील अस्तराची पकड सुटे, आणि पाय कितीहि दाबला तरी व्यर्थ. निवल्यावर सर्व जसेंच्या तसें. तपासणारास कांहींहि दोष सांपडावयाचा नाहीं.

त्या वृद्ध गृहस्थांनीं डोळे पुसले नाहींत कीं कांहीं उद्गार काढला नाहीं. त्यांनीं फक्त अंक हातांत घेतला आणि ब्रेकांच्या परिच्छेदाशेजारीं समासांत पेन्सिलीनें ओढलेली एक रेघ आम्हांला दाखविली. रेघ वडिलांची होती. अंक एप्रिलचा होता. म्हणजे गाडी घेण्यापूर्वींचा. ही रेघ त्यांनीं केव्हां ओढली? गाडी घेण्यापूर्वीं ओढली असेल, तर दोष ठाऊक असून त्यांनीं बायका-मुलांना त्या उतरणीवर नेलें. अपघातानंतर ओढली असेल, तर आपण निर्दोष असल्याचा पुरावा हातांत घेऊन हा माणूस आयुष्यभर गप्प बसला. पेन्सिलीची रेघ तारीख सांगत नाहीं.

'माझी बहीण अजून आहे,' ते म्हणाले. 'तिला हें कळवावें कीं नाहीं?' मग ते माझ्याकडे वळले. 'तुमच्याकडे म्हणे तीन-तीन पिढ्या एका घरांत राहतात. अशा वेळीं तुम्ही काय करतां?'

खरें उत्तर माझ्या जिभेवर होतें: आम्ही शिळ्या कढीला ऊत आणीत नाहीं. पण तें उच्चारवेना; कारण त्याच क्षणीं मला आमच्या थोरल्या काकू आठवल्या. लग्नानंतर दुसऱ्या वर्षीं त्यांनीं हळदीकुंकवासाठीं आजीची नथ मागून घेतली आणि ती हरवली. विकली असावी, माहेरीं धाडली असावी, अशी कुजबुज झाली. उघड कोणी बोललें नाहीं. पण त्या दिवसापासून कपाटाच्या किल्ल्या काकूंच्या हातीं कधीं आल्या नाहींत. पुढें पन्नास वर्षांनीं वाडा पाडण्याच्या वेळीं फडताळामागच्या फटींत ती नथ सांपडली. ती मींच उचलली. वडिलांना दाखविली तेव्हां ते म्हणाले, 'वहिनींच्या तें आतां ध्यानांतहि नसेल. शिळ्या कढीला ऊत नको.' नथ सोनाराकडे गेली. काकू त्यानंतर चार वर्षें जगल्या. रोज सायंकाळीं मी त्यांच्याजवळ बसत असें. एका वाक्याचें काम होतें. तें मीं केलें नाहीं.

ही हकीकत मीं त्या मंडळींस मोडक्यातोडक्या इंग्रजींत सांगितली आणि त्या गृहस्थांना म्हटलें, 'बहिणीला आजच कळवा. परिच्छेदहि वाचून दाखवा आणि रेघेचेंहि सांगा. काय मानावयाचें तें तिचें तिला ठरवूं द्या.'

पुढच्या शनिवारीं ते आले ते रिकाम्या हातांनीं. बहिणीनें फोनवर परिच्छेद दोनदां वाचून घेतला होता. रेघेविषयीं ऐकल्यावर ती बराच वेळ बोलली नाहीं. शेवटीं म्हणाली, 'तो अंक मला पाठवून दे.' इतकेंच. त्यांनीं अंक टपालानें पाठविला होता. मंडळींनीं अधिक कांहीं विचारलें नाहीं, आणि वाचन पुढें सुरू झालें.

मी परत आलों तों दिवाळी जवळ आली होती. आतां आमचें घर एकत्र राहिलेलें नाहीं. पण पाडव्याच्या फराळाला सर्व शाखा एका ठिकाणीं जमतात. सगळे जमल्यावर मीं नथीची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. ती कोणाला सांपडली आणि कोण गप्प बसलें, हेंहि सांगितलें. काकूंचा मुलगा, माझा चुलतभाऊ, आतां सत्तरी ओलांडून गेला आहे. तो हातांतली चकली तशीच धरून बसला.

'आईला सांगावयास हवें होतें, दादा,' तो म्हणाला.

मीं मान खालीं घातली. सुनेनें त्याच्या ताटांत आणखी एक करंजी वाढली.